संततिनियमन आणि गोमंतकीय समाज: निर्णय कोणाच्या हाती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 या काळात, गोव्याचा एकूण जननदर 1.3 इतका नोंदला गेला. आज वेगवेगळ्या वयाच्या स्त्रियांना ज्या प्रमाणात मुले होत आहेत, तेच प्रमाण पुढे कायम राहिले तर एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतील, याचा अंदाज म्हणजे एकूण जननदर. लोकसंख्या आहे तेवढीच टिकून राहायची असेल तर हा दर साधारण 2.1 असावा लागतो. याच पाहणीत संपूर्ण भारताचा दर 2.0 होता. गोवा मात्र 1992-93 मधील पहिल्या पाहणीच्या वेळीच 1.9 वर होता आणि ज्या केरळचे उदाहरण नेहमी दिले जाते, तो तेव्हा 2.0 वर होता.

एवढे असूनही पेडण्यापासून काणकोणपर्यंत फारच थोड्या घरांत हा विषय मोकळेपणाने बोलला जातो. मुलीला लग्नाआधी स्वयंपाकाच्या, सणावारांच्या, सासरच्या रीतिभातींच्या सूचना मिळतात. पाळणा कसा लांबवायचा हे मात्र कोणी सांगत नाही. आचरण तीन पिढ्यांपूर्वीच बदलू लागले आणि बोलणे अजून मागेच राहिले आहे. संततिनियमनाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी कशी बदलली हे समजून घेताना ‘पूर्वी विरोध होता, आता स्वीकार आहे’ एवढ्यावर थांबणे मला अपुरे वाटते. किती मुले व्हावीत आणि केव्हा व्हावीत, हे ठरवण्याचा अधिकार कधी कुळाकडे, कधी धर्मपीठाकडे, कधी सरकारकडे गेला. ज्या स्त्रीच्या शरीराचा हा प्रश्न आहे तिच्याकडे तो सर्वांत शेवटी आणि अजूनही अर्धवटच आला आहे.

जुन्या काळापासून सुरुवात करू. ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ हा आशीर्वाद ज्या समाजात दिला जात असे, त्या समाजात जन्मलेल्या मुलांपैकी कितीतरी मुले पाच वर्षांची होण्याआधीच दगावत असत. देवी, पटकी, हिवताप, बाळंतपणातला जंतुसंसर्ग यांतून किती जगतील याची खात्री नव्हती आणि म्हातारपणी शेत, कुळागर किंवा कौटुंबिक व्यवसाय सांभाळायला कोणीतरी लागणार होते. त्यामुळे अनेक मुले हवीत ही इच्छा केवळ अज्ञानातून आली होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र त्या व्यवस्थेचा सगळा भार बाईच्या अंगावर होता. गोव्यातील हिंदूंच्या रूढींसाठी पोर्तुगीज सरकारने 1880 साली जी संहिता काढली, ती या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. पत्नी 25 वर्षांची होईपर्यंत तिला मूल झाले नाही, किंवा तिशी पूर्ण होईपर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करण्याची मुभा त्या संहितेत होती. पहिल्या पत्नीची संमती ही त्यातलीच एक अट होती; पण निपुत्रिक म्हणून हिणवल्या गेलेल्या, माघारी जायला घर नसलेल्या बाईची संमती कितपत मोकळी असणार? पत्नीचे घरातले स्थान तिच्या कुशीवर अवलंबून होते, हे येथे कायद्यानेच लिहून ठेवले होते.

तेव्हाही दोन मुलांमध्ये अंतर ठेवण्याचे मार्ग स्त्रियांना ठाऊक नव्हते असे नाही. बाळाला दीर्घकाळ अंगावर पाजणे हा त्यातला सर्वांत परिणामकारक मार्ग. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, त्याला आईच्या दुधाशिवाय दुसरे काही दिले जात नसेल आणि आईची पाळी पुन्हा सुरू झाली नसेल, तर गर्भ राहण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास असते, असे आजचे वैद्यकशास्त्रही मानते. बाळंतपणासाठी माहेरी जाऊन काही महिने राहण्याच्या प्रथेनेही अंतर पडत असे. या गोष्टी रीत म्हणून होत, त्यामागे उघड निर्णय नसे, आणि म्हणूनच त्यांना कोणाचा आक्षेपही नव्हता. आक्षेप आला तो ‘मला मूल नको आहे’ असे कोणीतरी स्पष्टपणे म्हणू लागल्यावर.

मराठीत हे पहिल्यांदा ठामपणे म्हणणारे रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील प्रसिद्ध केंद्रही त्याच वर्षीचे आहे. विल्सन महाविद्यालयातली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी त्यांना या कामापायी सोडावी लागली. 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले, अश्लीलतेचे खटले सोसले, आणि 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. पत्नी मालतीबाई यांच्या साथीवाचून हे काम टिकले नसते. या दाम्पत्याने स्वतः मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता आणि त्या काळी ही गोष्ट त्यांच्या लेखनापेक्षाही अधिक धक्कादायक वाटली असणार.

त्या काळातल्या वादात तीन वेगळ्या भूमिका दिसतात आणि आजच्या चर्चेतली बहुतेक मते त्यांतूनच आलेली आहेत. कर्व्यांचे म्हणणे व्यक्तिस्वातंत्र्याचे होते. कामसुख आणि संतती या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, त्या वेगळ्या करण्यात पाप नाही, आणि स्त्रीलाही सुखाचा तितकाच हक्क आहे, असे ते सांगत. महात्मा गांधींना लहान कुटुंब मान्य होते, पण साधने मान्य नव्हती. त्यांच्या मते मार्ग एकच, आणि तो आत्मसंयमाचा. डिसेंबर 1935 मध्ये अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या प्रवर्तक मार्गारेट सँगर त्यांना वर्ध्याला येऊन भेटल्या, पण दोघांचे एकमत झाले नाही. डॉ. आंबेडकरांनी या प्रश्नाला दारिद्र्य आणि स्त्रीचे आरोग्य यांच्या बाजूने हात घातला. संततिनियमनाच्या सोयी लोकांना उपलब्ध व्हाव्यात, अशा अर्थाचा त्यांच्या पक्षाचा ठराव 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी मांडला. बाळंतपणाच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला कोणी तयारच झाला नसता, हा मुद्दा त्या भाषणात होता. ठरावाच्या बाजूने 11 आणि विरोधात 52 मते पडली. या तिघांपैकी आंबेडकरांचा युक्तिवाद मला सर्वांत सखोल वाटतो, कारण सोसणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवून विचार करणारा तोच एक आहे.

त्या वेळी गोवा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीखाली होता. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणीची बंधने होती आणि अशा विषयावर जाहीर चळवळ उभी राहणे अवघड होते. असे असतानाही येथील जन्मदर देशातील इतर बऱ्याच भागांपेक्षा लवकर उतरला, तो एकाही घोषणेशिवाय. याला मुख्यतः दोन कारणे होती. पहिले कारण स्थलांतराचे. गोव्यातला कर्ता पुरुष मुंबईत, पूर्व आफ्रिकेत, नाहीतर बोटीवर असायचा. दोन-दोन वर्षे पतिपत्नींची भेट होत नसे. दुसरे कारण उशिरा होणाऱ्या लग्नांचे, आणि ते पहिल्याशी जोडलेले होते. नोकरी लागून, थोडे पैसे साठवून मगच लग्न, अशी पद्धत विशेषतः ख्रिस्ती समाजात रुळलेली होती. स्त्रीचे लग्न 18 ऐवजी 25 व्या वर्षी झाले तर तिच्या प्रजननक्षम आयुष्यातली सर्वांत सुपीक सात वर्षे आपोआप वगळली जातात आणि एकही साधन न वापरता मुलांची संख्या घटते.

मुक्तीनंतर यात शिक्षणाची भर पडली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या आणि मुली तेथे जाऊ लागल्या. 2011 च्या जनगणनेत गोव्यातील स्त्रीसाक्षरता सुमारे 85 टक्क्यांवर पोहोचलेली दिसते. त्याच काळात प्राथमिक आरोग्य केंद्रे वाढली, बाळंतपणे घरातून इस्पितळात गेली आणि मुले जगू लागली. गोव्याचा अर्भकमृत्युदर आता हजारी सहाच्या आसपास आहे. झालेली दोन्ही मुले जगणार आहेत अशी खात्री असलेल्या आईला पाच मुलांची गरज वाटत नाही, हे जगभर दिसून आलेले सत्य येथेही तसेच घडले.

आता चर्चच्या भूमिकेविषयी. गोव्यातील संततिनियमनाचा विषय ती बाजूला ठेवून समजणार नाही. 1930 साली अँग्लिकन चर्चने काही परिस्थितींत कृत्रिम साधनांना मोकळीक दिली आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी कॅथलिक धर्मपीठाने त्यांना ठाम नकार दिला. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी गंभीर कारण असल्यास पाळीच्या चक्रानुसार संयम पाळण्यास संमती दिली. 1960 साली अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाल्यावर प्रश्न पुन्हा उभा राहिला. पोपने नेमलेल्या आयोगातील बहुसंख्य सदस्य बदलाच्या बाजूचे होते. तरीही 25 जुलै 1968 च्या परिपत्रकात पोप सहावे पॉल यांनी जुनीच भूमिका कायम ठेवली. आजही विवाहपूर्व शिबिरांमध्ये ख्रिस्ती जोडप्यांना नैसर्गिक पद्धती शिकवल्या जातात.

ही नैसर्गिक पद्धत नेमकी काय आहे, ते सर्वधर्मीयांनी जाणून घ्यावे असे आहे. पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी स्त्रीबीज बाहेर पडते आणि ते जेमतेम एक दिवस जगते, तर पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकते. म्हणजे महिन्यातले साधारण सहा दिवस गर्भधारणेचे. ते ओळखून त्या काळात संबंध टाळायचे, हे त्यामागचे तत्त्व. पाळी नियमित नसेल, आजारपण आले असेल किंवा नवरा वर्षातून दोन महिनेच घरी येणारा असेल, तर हे गणित फसते. तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्या, माणसाच्या बायकोला ‘हे दिवस टाळा’ असे सांगणे म्हणजे त्याच्या मोजक्या सुट्टीलाच कात्री लावायला सांगणे होय. पुष्कळ जोडप्यांनी आपल्या सद्सद्विवेकाला स्मरून स्वतःपुरता वेगळा निर्णय घेतला आणि तो कोणाला सांगितला नाही. हिंदूंमध्ये असे एकच धर्मपीठ नसल्यामुळे उघड मनाई कधी झाली नाही. तेथे अडथळा होता तो मुलगाच हवा या हट्टाचा. इस्लामी धर्मशास्त्रात अनेक जुन्या पंडितांनी गर्भधारणा टाळण्याच्या त्या काळच्या पद्धतीला परवानगी दिलेली आढळते. म्हणजे धर्मग्रंथांत काय म्हटले आहे यापेक्षा घरातली वडीलधारी माणसे काय म्हणतात, याचाच प्रभाव अधिक राहिला आहे.

यानंतर निर्णयात शिरकाव झाला तो सरकारचा. कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश, आणि ते वर्ष होते 1952. लाल त्रिकोण, ‘हम दो हमारे दो’, 1968 मध्ये आलेला स्वस्त निरोध या गोष्टींमुळे जो विषय कर्व्यांना खटल्यांपर्यंत घेऊन गेला होता, तोच आता एस. टी. थांब्याच्या भिंतीवर रंगवला जाऊ लागला. पण भिंतीवरच्या मजकुरात देशाची लोकसंख्या होती. बाईची प्रकृती आणि तिची इच्छा तेथे क्वचितच दिसत असे. याची परिसीमा आणीबाणीत झाली. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी सुमारे 62 लाख पुरुषांच्या. उद्दिष्टे नेमून दिली गेली, रेशन, बदल्या, पगार यांच्याशी ती जोडली गेली आणि कित्येकांवर उघड जबरदस्ती झाली. 1977 च्या निवडणुकीत लोकांनी त्याचे उत्तर दिले आणि पुढच्या वर्षी हा आकडा 10 लाखांच्याही खाली आला.

त्या एका वर्षाचे ओझे स्त्रिया आजही वाहत आहेत, असे मी जाणीवपूर्वक म्हणतो. पुरुषांना पुन्हा हात लावण्याचे धैर्य कोणत्याही सरकारला झाले नाही आणि सगळा कार्यक्रम बायकांकडे वळला. 2019-21 च्या पाहणीत देशातील 15 ते 49 वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास 38 टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. ज्यांच्या पतीची शस्त्रक्रिया झाली होती अशा स्त्रिया होत्या 0.3 टक्के. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे उलटे आहे. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया जागा बधिर करून काही मिनिटांत होते आणि तो त्याच दिवशी घरी जातो. त्यात फक्त पुरुषबीज वाहून नेणाऱ्या नळ्या बंद केल्या जातात; अंडकोषाला हात लागत नाही, त्यामुळे पुरुषी संप्रेरके, शक्ती, इच्छा यांपैकी काहीच घटत नाही. माडावर चढणारा पाडेली किंवा रापणीवर जाणारा मच्छीमार थोड्या विश्रांतीनंतर आपले काम पूर्वीसारखेच करू शकतो. एवढेच लक्षात ठेवायचे की परिणाम लगेच होत नाही. साधारण तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते आणि त्यानंतर वीर्याची तपासणी करून घ्यावी लागते. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे किंवा त्याला छेद द्यावा लागतो, म्हणून तिच्यातला धोकाही अधिक. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर येथे अशा एका शिबिरानंतर डझनाहून अधिक स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने शिबिरे भरवून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

निरोधाची कथा थोडी वेगळी आहे. 1989 साली डॉमिनिक डिसोझा या गोमंतकीय तरुणाला एचआयव्हीची बाधा असल्याच्या कारणावरून गोव्यातल्या तत्कालीन कायद्याखाली डांबून ठेवण्यात आले आणि एड्स हा शब्द येथे घरोघरी पोहोचला. त्यानंतरच्या जनजागृतीने निरोधाबद्दलचा संकोच कमी केला, हे खरे. पण तो रोगाशी आणि ‘बाहेरच्या’ संबंधांशी जोडला गेला तो आजवर. परिणामी पत्नीने तो सुचवला तर तिच्यावर संशय आणि पतीने आणला तर त्याच्यावर. लहान गावातल्या फार्मसीत विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतात, म्हणून लोक डिचोली किंवा फोंड्याहून मुद्दाम पणजीला जाऊन खरेदी करतात. तात्काळ गर्भनिरोधक गोळीचा खप नेहमीच्या साधनासारखा होऊ लागण्यामागे हा संकोचच मोठे कारण आहे, असे माझे मत आहे.

खरे तर निवड आता बरीच मोठी आहे. तांबी (कॉपर-टी) 10 वर्षांपर्यंत काम देते आणि ती वापरणाऱ्या 100 स्त्रियांपैकी एकीलाही वर्षभरात क्वचितच दिवस जातात, तर निरोधाच्या नेहमीच्या वापरात हेच प्रमाण 13 च्या आसपास असते. तांबी पोटातून वर सरकून काळजापर्यंत जाते, ही समजूत अजून ऐकू येते. तांबी गर्भाशयात बसवतात, तांब्याच्या कणांमुळे पुरुषबीज निकामी होते, आणि ती काढल्यावर दिवस राहण्याची क्षमता लवकर परत येते. सरकारी केंद्रांत मोफत मिळणारे ‘अंतरा’ हे इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे असते. ते थांबवल्यानंतर गर्भ राहायला काही महिने अधिक लागू शकतात, म्हणून लवकरच मूल हवे असणाऱ्या स्त्रीने तसे आधी सांगावे. ‘छाया’ ही लखनौच्या प्रयोगशाळेत विकसित झालेली संप्रेरकविरहित गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घेतात.

कायद्यानेही अधिकार बऱ्याच अंशी स्त्रीकडे दिला आहे, पण तो तिच्यापर्यंत पोहोचलेला नाही. 1971 च्या गर्भपातविषयक कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, पतीची सही लागत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यात विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही, असे स्पष्ट केले. नसबंदीच्या सरकारी नियमांतही जोडीदाराची संमती आवश्यक धरलेली नाही. तरीही अनेक ठिकाणी ‘मिस्टरांना घेऊन या’ असे सांगून बाईला परत पाठवले जाते आणि नियम ठाऊक नसल्यामुळे ती निमूटपणे परत जाते.

आणि आता उलट सूर ऐकू येऊ लागला आहे. एकीकडे महाराष्ट्रात 2005 पासून सरकारी नोकरीसाठी दोन अपत्यांची अट आहे, म्हणजे पत्रादेवीचा नाका ओलांडून सिंधुदुर्गात लग्न होऊन गेलेल्या मुलीला ती लागू होते. दुसरीकडे 2024 मध्ये आंध्र प्रदेशाच्या मुख्यमंत्र्यांनी लोकांना अधिक मुले होऊ द्या असे आवाहन केले, आणि गोव्यातही ‘मूळ गोंयकार कमी होत चालले’ ही काळजी समारंभांतून, बैठकांतून व्यक्त होते. काळजी समजण्यासारखी आहे, पण तिचा रोख पुन्हा बायकांकडेच वळतो. साधने काढून घेतल्याने काय होते, ते रुमानियाने दाखवले आहे. तेथील हुकूमशाही सरकारने 1966 साली गर्भपातावर कडक बंदी घातली आणि गर्भनिरोधकेही मिळेनाशी झाली. 1967 मध्ये जन्म जवळजवळ दुप्पट झाले. पण थोड्याच वर्षांत दर पुन्हा उतरू लागला आणि चोरून केलेल्या गर्भपातांमुळे माता-मृत्यूंचे प्रमाण युरोपात सर्वाधिक झाले. 1989 च्या डिसेंबरात ते सरकार कोसळताच जे कायदे सर्वप्रथम रद्द झाले, त्यांत हा होता.

गोव्यातील तरुण जोडप्यांना दुसरे मूल का नको आहे, याची उत्तरे साधनांमध्ये सापडणार नाहीत. पर्वरीत किंवा मडगावात घर घेण्याचा खर्च, खाजगी नोकरीत मिळणारी अपुरी प्रसूतिरजा, पाळणाघरांची टंचाई, आजीआजोबा गावात आणि नोकरी शहरात, नवरा बोटीवर किंवा आखातात, मुलाच्या आजारपणात रजा घ्यायची ती आईनेच ही ठरलेली अपेक्षा, ही कारणे कोणत्याही जोडप्याला विचारली तर ते मोकळेपणाने सांगतात. फक्त ती विचारणारे लोक फार थोडे आहेत.